पाटी, बोर्ड की गंतव्यफलक?

मिरजेच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय. त्यांचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. घर आवरताना माळ्यावर गाडीला लावायच्या दोन पत्र्याच्या पाट्या निघाल्या. तिसरी वस्तू मुंबईच्या नातेवाइकांकडून आली: शहर बसच्या कपाळावर फिरायची ती कापडी गुंडाळी. हे सगळं शाळेच्या वाचनालयात मांडायचं ठरलं आणि खालच्या चिठ्ठीवर काय लिहायचं यावर अडलं. एक सहकारी म्हणतात 'गंतव्यफलक', मुख्याध्यापक म्हणतात 'मार्गफलक', शिपाईमामा म्हणतात 'बोर्ड लिवा की'. ताईंच्या घरात मात्र कायम 'पाटी'. शिवाय आणखी दोन शंका: बोलताना आपण 'तासगावमार्गे' म्हणतो, मग पाटीवर 'मार्गे तासगाव' असं उलटं का? आणि पेंटर 'नव्यासारख्या करून देतो' म्हणतोय, त्याला जतन म्हणायचं का?

ताई, तुमच्या घरचा शब्द बरोबर आहे. पाटीच लिहा.

'गंतव्य' चुकीचा नाही. कर्तव्य, ज्ञातव्य या शब्दांच्या घरातलाच तो. अर्थ 'जिथे जायचं ते'. पण मराठीत तो लेखांत आणि भाषणांतच भेटतो. रेल्वेच्या हिंदी घोषणेतून तो रोज कानावर पडतो म्हणून ओळखीचा वाटतो, एवढंच. सांगली स्टँडवर उभं राहून 'गंतव्यफलक काय आहे हो?' विचारून बघा. माझा दुसरा आक्षेप अर्थाचा आहे. पाटी फक्त शेवटचं गाव सांगत नाही. गाडी कुठून सुटली, कुठून जाणार, जलद की विनाथांबा, जादा आहे का, हेही तिच्यावरच लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने मुख्याध्यापकांचा 'मार्गफलक' जास्त नेमका आहे. बातम्यांत छापतात तोही बहुतेक तोच. पण छापतात तेवढाच. गाडी चुकलेला माणूस मार्गफलकाच्या नावाने बोटं मोडत नाही, पाटीच्या नावाने मोडतो.

फलक हा शब्द तसा परका नाही. संस्कृतात फलक म्हणजे लाकडी फळी. तो बोलीत झिजत आला आणि आपल्याकडे फळा झाला, फळीही त्याच कुळातली. म्हणजे तुमच्या वर्गातला फळा आणि समारंभातला फलक एकाच आईची लेकरं. एक घरी वाढला, एक पोथीत. पाटीचंही तसंच. पट्ट, पट्टिका या बाजूने ती आली, पट्टी आणि पाट या तिच्या नात्यातल्या. मुलांची दगडी पाटी, दारावरची नावाची पाटी, गाडीची पाटी. सपाट, लिहायजोगं आणि हातात मावेल एवढं काहीही असलं की मराठी माणूस त्याला पाटी म्हणतो. ('पाट्या टाकणे' मधली पाटी मात्र वेगळी, ती मातीची, डोक्यावर वाहायची. तिचा आणि कंडक्टरचा संबंध जोडू नका, आजोबांवर अन्याय होईल.) जाता जाता, स्टँडवरचा 'फलाट' ऐकायला फलकाचा भाऊ वाटतो, पण तो प्लॅटफॉर्मचा मराठी अवतार आहे.

आता शिपाईमामांचा बोर्ड. तो मी चूक ठरवणार नाही, कारण गेल्या काही वर्षांत लोकांनी या दोन शब्दांत परस्पर वाटणी करून टाकली आहे. रंगवलेली, पत्र्याची, हाताने काढून घालायची ती पाटी. दिव्यांची, अक्षरं सरकवणारी, तो बोर्ड. 'डिजिटल बोर्ड' सगळे म्हणतात; 'डिजिटल पाटी' मी अजून एकाही प्रवाशाच्या तोंडून ऐकलेली नाही. क्रियापदंही वाटली गेली आहेत. पाटी लावतात, काढतात, उलटतात, आडवी खोचतात. बोर्ड चालू होतो, बंद पडतो, अडकतो. तुमच्या माळ्यावरच्या वस्तूला 'बोर्ड' म्हटलंत तर आजच्या मुलाच्या डोळ्यांपुढे लाल-पिवळे ठिपके येतील. हे एक कारणही 'पाटी'साठी मला पुरेसं आहे.

आणि ही क्रियापदंसुद्धा कुठे तरी टिपून ठेवा. आजोबांच्या काळी 'पाटी उलट' म्हटलं की त्यात आख्खी फेरी संपली असायची. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली पहिली पाटी तशीच आहे: एका अंगाला 'सांगली–विटा मार्गे तासगाव', दुसऱ्या अंगाला 'विटा–सांगली'. विट्याच्या स्टँडवर चहा होईपर्यंत पाटी उलटली की गाडी परतीची झाली. मग बाहेरून कुणी तरी ओरडून विचारणार, 'गाडी लागली का?' म्हणजे फलाटाला. आत खिडकीशी बसलेली एखादी बाई लिंबू हुंगत म्हणणार, 'मला गाडी लागते.' लागणे या क्रियापदाने मराठीत किती संसार सांभाळलेत, ते एसटी स्टँडवर कळतं.

षष्ठीचाही एक गोंधळ तिथलाच. 'ही गाडी कुठली?' असं प्रवासी विचारतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, कुठे जाणार. ड्रायव्हर शांतपणे 'मिरजेची' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात गाडी मिरज आगाराची असते. दोघांचं व्याकरण बरोबर, आणि प्रवासी भलत्या गाडीत. पाटीवर विभक्तीच नसते, नुसती नावं असतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

तुमची दुसरी पाटी मला जास्त आवडली: 'मिरज–क. महांकाळ'. सांगली जिल्ह्यात कवठे एक नाही. कवठेमहांकाळ आहे, कवठेएकंद आहे, कवठेपिरान आहे. सातारा जिल्ह्यात वाईजवळ नुसतं कवठेही आहे. 'वाई' किंवा 'जत' असलं दोन अक्षरांचं नाव पेंटरला वरदान. अक्षरं हवी तेवढी थोराड काढा, स्टँडच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतील. कवठेमहांकाळ आलं की पत्रा संपतो आणि नाव उरतं. म्हणून 'क.' पण सांगलीच्या स्टँडवर 'क. डिग्रज'ही असतं, आणि तिथला क. कवठे नव्हे, कसबे. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन गावं. कसबा आणि मौजा हे दोन्ही अरबीतून आलेले महसुली शब्द, कसबा बाजारपेठेचं मोठं गाव, मौजा साधं खेडं. तेच बु. आणि खु. यांचं. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, थोरलं; खुर्द म्हणजे धाकटं.

साताऱ्याहून मी नवा नवा सांगलीत आलो होतो तेव्हा कवठेमहांकाळला एका लग्नाला निघालो होतो. 'क.' बघितला, पुढचं वाचायच्या आधी चढलो, जागा मिळाली म्हणून खूश झालो आणि वर्तमानपत्र उघडलं. जायचं होतं पूर्वेला, मिरजेच्या बाजूला. मान वर केली तर गाडी आयर्विन पुलावर, खाली कृष्णा, समोर सांगलवाडी. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता एवढंच विचारलं, 'पाटी वाचली नाही का?' वाचली होती, एक अक्षर. मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या माणसाने ही चूक करावी, हे मी लग्नात कुणाला सांगितलं नाही.

आता 'मार्गे'. तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. मराठीत शब्दयोगी अव्यय नावाच्या मागून येतं आणि त्याला चिकटून लिहितात: घराजवळ, झाडाखाली, तासगावमार्गे. पाटीवर ते गावाच्या आधी उडी मारून बसतं, कारण तिथला साचा इंग्रजी 'व्हाया'चा आहे. गंमत अशी की शब्द मात्र काटेकोर निवडलेला आहे. व्हाया हा मुळात लॅटिन. वाट या अर्थाच्या नावाला विभक्ती लागून झालेलं रूप, म्हणजे 'वाटेने'. आणि मार्गे म्हणजे मार्गाने, तृतीयेचा जुना ए प्रत्यय लागलेला. 'त्यायोगे' मधला 'योगे' तसाच. अर्थ जुळला, विभक्तीसुद्धा जुळली, फक्त जागा इंग्रजीची राहिली.

तरी मी पाटीवरच्या 'मार्गे'ला चूक म्हणणार नाही. पुण्याच्या गाडीवर 'मार्गे इस्लामपूर, कराड, सातारा' असायचं. तिथे मार्गे हे मथळ्याचं काम करतं: याच्या पुढे येतात ती वाटेवरची गावं. ते मागे नेऊन 'इस्लामपूर, कराड, सातारामार्गे' केलं, तर लांबून बघणाऱ्याला पहिली दोन गावं कोण, हे शेवटपर्यंत कळणार नाही. तेवढ्यात गाडी सुटेल. पाटी म्हणजे वाक्य नाही. वाक्यात लिहाल तेव्हा मात्र 'तासगावमार्गे', जोडून.

याच शब्दावरून पाटीच्या वयाचा थोडा अंदाजही येतो. 'मार्गें' असा डोक्यावर टिंब दिलेला दिसला, तर रंगवणारा जुन्या वळणात शिकलेला. उच्चारात नसलेले हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकले. अर्थात पेंटरचा हात नियमाच्या तारखेला वळत नाही, पुढची वीस वर्षं टिंब देणारेही असतील. म्हणून अंदाज म्हटलं. गावांच्या नावांचंही तसंच. आज सगळीकडे 'कराड' दिसतं, पण 'कऱ्हाड' ही जुनी धाटणी काही वर्तमानपत्रं अजून सोडत नाहीत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. आज तीच गाडी निघाली तर पाटीवर अहिल्यानगर लिहावं लागेल.

आणि इथेच पेंटरचा प्रश्न येतो. तुमच्या विट्याच्या पाटीचा फोटो मी मोठा करून पाहिला. 'विटा'च्या डाव्या वेलांटीखाली एक फुगवटा आहे, रंगाच्या आत. खाली आधीचं नाव आहे. उजेड समोरून न टाकता बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर टाका आणि मग फोटो काढा; रंगाखालची जुनी अक्षरं सावलीने उठून येतात. मला तिथे 'ऱ्हा' असल्याचा भास झाला, पण तो माझा लोभही असेल. नव्याने ऑइलपेंट मारलात की हे दोन्ही थर कायमचे गेले.

'जतन' हा शब्द 'यत्न'वरून आला. त्यात नवं करणं नाही, सांभाळायची खटपट आहे. पेंटर सांगतोय त्याला नूतनीकरण म्हणा, देवळाच्या बाबतीत जीर्णोद्धार म्हणतात, घराच्या बाबतीत डागडुजी. जतन यांतलं कुठलंच नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, ओल्या फडक्याने घासायचं नाही, सुटलेले रंगाचे पोपडे ओढायचे नाहीत, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. गंज पुढे सरकत असेल तर जाणकाराला दाखवा. भोक पाडून खिळ्याला टांगू नका, एवढं माझ्यासाठी.

राहिली मुंबईची गुंडाळी. मुंबईत शहर बस सुरू झाली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. अशा गुंडाळ्यांची खरी दुनिया मात्र लंडनची. तिथे तिला ब्लाइंड म्हणतात, म्हणजे खिडकीचा गुंडाळता पडदा. वर-खाली दोन रूळ, मध्ये एकाखाली एक नावं छापलेला लांबच लांब कापडी पट्टा, फिरवायला हँडल, मागे दिवा. आपल्याकडे तिला एकच एक रुळलेला शब्द नाही. 'गुंडाळीची पाटी' लिहा. पाहणाऱ्याला लगेच कळेल. लंडनच्या पुष्कळ गुंडाळ्या हौशी लोकांनी घेतल्या आणि चार चार नावांचे तुकडे कापून दिवाणखान्यात चौकटीत लावले. तुकडा दिसतो छान, पण नावांचा क्रम जातो. आणि कुठल्या नावानंतर कुठलं, यावरूनच ती गुंडाळी कुठल्या मार्गांवर फिरली ते सांगता येतं. म्हणून तुमची कापू नका, घडीही घालू नका. रुंद नळीवर, अक्षरांची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळा. अक्षरं आतल्या बाजूला राहिली तर रंग दाबला जाऊन तडकतो. मुलांना दाखवायला सगळ्या नावांची यादी वरून खाली त्याच क्रमाने कागदावर उतरवून शेजारी लावा.

चिठ्ठी अशी चालेल:

'एसटीच्या गाडीची पाटी. पत्रा, ऑइलपेंट. दोन्ही अंगांनी लिहिलेली: सांगली–विटा, मार्गे तासगाव, उलट बाजूस विटा–सांगली. खाली आधीच्या नावाचा थर आहे. परतीच्या फेरीला कंडक्टर ती उलटत असे.'

दुसऱ्या पाटीच्या चिठ्ठीत 'क. म्हणजे कवठे' हे न विसरता लिहा.