वाचकांचे प्रश्न : ब्रेकचे पेडल खाली का जाते?

प्रश्न : सिग्नलला ब्रेक दाबून उभे राहिले की पेडल हळूहळू सरकत थेट खाली टेकते. सोडून पुन्हा दाबले की वर मिळते. ब्रेक ऑइल कमी झालेले नाही, चाकांपाशी कुठे ओल नाही. गॅरेजमध्ये दोनदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाली, तरी फरक नाही. आता काय बदलावे?

उत्तर : आधी गाडी रस्त्यावर काढणे थांबवा. हा दोष आपोआप बरा होत नाही, वाढतच जातो.

लक्षणांवरून पहिला संशय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या सिलिंडरवर, जातो. लाइनमध्ये हवा असती तर पेडल मऊ लागले असते, पण दाब कायम ठेवल्यावर एका जागी थांबले असते. इथे ते थांबतच नाही, म्हणजे दाबाखालचे ऑइल कुठेतरी निसटते आहे. बाहेर गळत नसेल तर ते पिस्टनवरच्या झिजलेल्या रबरी कपाला चुकवून परत ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाते. म्हणूनच पातळी कमी होत नाही आणि हवा कितीही काढली तरी उपयोग होत नाही.

तपासणी अशी करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेल. मग हलक्या पायाने एकसारखा दाब देऊन मिनिटभर धरा, आणि नंतर तेच जोर लावून करा. हलका दाब मुद्दाम सांगतो आहे. जोरात दाबले की कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गळती तात्पुरती थांबू शकते. ‘जोरात दाबून पाहिले, पेडल टिकले, सिलिंडर चांगला आहे’ हा निष्कर्ष इथेच फसतो. दुसऱ्या माणसाला टाकीचे झाकण उघडून आत बघायला सांगा. पेडल दाबताक्षणी ऑइल किंचित उसळते, ते ठीक आहे. पण पेडल सरकत असताना पातळी सावकाश वर चढत असेल, तर आतली गळती पक्की समजा.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक शक्यता उरते. एबीएस युनिटमधला व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तरी पेडल असेच बसते. नवा सिलिंडर विकत घेण्याआधी खात्री करायची असेल, तर सिलिंडरच्या नळ्या सोडून त्या तोंडांना त्याच आट्यांचे बंद प्लग लावा, आत शिरलेली हवा काढा आणि पेडल दाबून धरा. तरीही सरकले तर दोष सिलिंडरमध्येच आहे. टणक थांबले तर तो पुढे, एबीएस युनिटमध्ये किंवा चाकांकडे शोधा.

दोष सिलिंडरचा निघाला तर किट (नुसते आतले रबरी भाग) टाकून भागवण्यापेक्षा पूर्ण सिलिंडर बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आत गंज किंवा चरे असले की नवा कपही लवकर फाटतो.

प्रश्न : मास्टर सिलिंडर नवा टाकला, लिटरभर ऑइल गेले, तरी पेडल मऊच आहे. काय राहिले?

उत्तर : बहुधा सिलिंडर बसवण्याआधी त्याच्यातली हवा काढलेली नाही. नवा सिलिंडर व्हाइसमध्ये आडवा धरून, दोन्ही तोंडांना जोडलेल्या नळ्यांची टोके टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश ढकलायचा असतो. हे टाळले की आत अडकलेली हवा चाकांवरून निघता निघत नाही.

मग चाकांकडे या. सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. मात्र काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहा. निपलला (चाकापाशी हवा काढण्याच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. पेडल दाबलेले असतानाच निपल उघडा, ते बंद केल्यावरच पाय उचलू द्या. टाकी एकदा जरी रिकामी झाली तरी सगळे पहिल्यापासून. जुन्या सिलिंडरवर हे काम करताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. एरवी पिस्टन जिथवर जात नाही तिथे गंज साचलेला असतो आणि पेडल तळापर्यंत दाबल्यावर त्या गंजावर कप फाटतो. चांगला सिलिंडर हवा काढतानाच बाद होतो तो असा.

कॅलिपर (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणारे भाग) काढले होते का? डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खालच्या बाजूला येते आणि हवा वरच राहते. निपल नेहमी वरच्या टोकाला हवे. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) पंप आणि व्हॉल्व्ह चालवूनच ती काढावी लागते.

मागे ड्रम ब्रेक असतील तर आणखी एक गोष्ट पाहा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल वर येत असेल, तर हवेचा संबंध नाही. मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ड्रमपासून फार लांब गेले आहेत, ते अ‍ॅडजस्ट करा.

प्रश्न : टाकीतले ऑइल कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही.

उत्तर : ब्रेक पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, तेवढे स्वाभाविक आहे. वारंवार भरावे लागत असेल तर मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरची (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरी टोपी उचलून बघा. तिच्या आड ऑइल साचते आणि बाहेरून कळत नाही. तिथे कोरडे असेल तर मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो बूस्टरपासून थोडा पुढे ओढा. मागची बाजू ओली असेल तर ऑइल बूस्टरमध्ये उतरते आहे. सिलिंडर बदला आणि बूस्टरही तपासा, कारण ऑइलने त्याचा डायफ्रॅम खराब होतो.

प्रश्न : इंजिन सुरू करताच दाबलेले पेडल थोडे खाली जाते. हा दोष आहे का?

उत्तर : नाही. बूस्टरला व्हॅक्यूम मिळाल्याची ती खूण आहे. उलट ते अजिबात हलले नाही, तर बूस्टर आणि त्याची व्हॅक्यूमची नळी तपासा.

प्रश्न : कोणते ऑइल भरावे?

उत्तर : टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर किमान १४० असतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. त्यामुळे उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका, आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये. चुकून इंजिन ऑइल पडले असेल तर पेडल एकदाही दाबू नका. रबर फुगते आणि मग सगळे सील, होज बदलावे लागतात.