दारातली २० मिनिटांची बस की पलीकडची १० मिनिटांची?

प्रश्न : आमच्या दारासमोरून दर २० मिनिटांनी बस जाते, ४०० मीटरवरच्या समांतर रोडवरूनही तशीच. आता म्हणे आमचा रूट बंद करून सगळ्या बस तिकडे वळवणार, दर १० मिनिटांनी एक. दारातली बस काढून घेण्यात कसलं आलंय गणित? बस वाढवून दोन्हीकडे १० मिनिटांनी सोडा ना!

उत्तर : राग समजू शकतो, पण जरा आकडे मांडून बघू. टाइमटेबल न बघता स्टॉपवर गेलं तर सरासरी निम्मा गॅप थांबावं लागतं, म्हणजे आत्ता १० मिनिटं, नंतर ५. मिनिटाला ८० मीटर चालता असं धरलं तर ४०० मीटरला ५ मिनिटं, म्हणजे तुमचं आधी ०+१० आणि नंतर ५+५, बरोबरीत सुटलात की! आणि तुमचं घर तर सगळ्यात गैरसोयीच्या जागी, दोन रोडच्या मधले सगळे फायद्यातच.

असे समांतर रोड ओळीने असतील आणि बस तेवढ्याच, तर रूट दर ४०० मीटरवर ठेवून सरासरी चालणं (दोन रूटमधल्या अंतराचा चौथा हिस्सा, म्हणजे १०० मीटर) सव्वा मिनिट नि वाट बघणं १०, एकूण सव्वा अकरा. ८०० मीटरवर अडीच अधिक ५, साडेसात. १६०० वर ५ अधिक अडीच, परत साडेसातच! सगळ्यात कमी येतं ते ११०० च्या आसपास, जिथे चालणं आणि थांबणं सारखं होतं, पण तिथेही सातच्या खाली जात नाहीच, त्यामुळे ८०० की ११०० यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

दोन्हीकडे १० मिनिटांनी म्हणजे बस दुप्पट. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये मांडलेला वर्गमुळाचा नियम सांगतो की फेऱ्या दुप्पट करणं परवडायला प्रवासी साधारण चौपट लागतात.

पण सरासरीत आजी दिसत नाहीत. मिनिटाला ४० मीटर चालणाऱ्याला तेच अंतर १० मिनिटांचं, म्हणजे त्यांचे १० चे १५ झाले. आणि १० मिनिटांच्या बस जोडीने यायला लागल्या (येतातच मेल्या!) तर गॅप परत २० चा, वाट १० मिनिटं, वर चालणं फुकटचं. तेव्हा रूट वाचवायला भांडण्यापेक्षा बसमधला गॅप सांभाळायला कोण उभं राहणार, हे आधी लेखी मागा.