आठव्या महिन्यातला प्रवास

‘आठव्या महिन्यात मी लांबचा प्रवास केला, त्यामुळेच झालं का हो हे?’ एमआरआयचं पाकीट मांडीवर धरून त्या विचारत होत्या. जनुकीय समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतोच. निदान काहीही असो, आई आधी स्वतःलाच आरोपी ठरवते.

बाळ नऊ महिन्यांचं. खुळखुळा उजवीकडे धरला तरी डावा हात आडवा पुढे यायचा, उजवी मूठ मिटलेलीच. इतक्या लवकर एकच हात वापरणं म्हणजे डावखुरेपण नव्हे, तपासणीचं कारण आहे. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला फट दिसली: स्किझेनसेफली.

मी रिपोर्टमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. फटीच्या कडांना करड्या पेशींचं अस्तर आहे, असं तिथे लिहिलं होतं. चेतापेशी मेंदूच्या आत जन्मतात आणि पृष्ठभागाकडे सरकतात. हा प्रवास सहाव्या महिन्यापर्यंत बहुतेक उरकतो. तो चालू असतानाच एखाद्या धमनीतून रक्त पोचलं नाही, तर तिथला भाग घडतच नाही आणि उरलेल्या पेशी फटीच्या कडेने बसतात. रक्तपुरवठा आठव्या महिन्यात तुटला असता तर पोकळी झाली असती, पण तिला असं अस्तर आलं नसतं.

‘तुम्ही निघालात तेव्हा फट पडून गेलेली होती,’ मी म्हटलं. आई त्या ओळीकडेच बघत राहिल्या.

रक्तपुरवठा का तुटला, हे बहुतेकदा कळत नाही. सायटोमेगॅलो विषाणूचा गर्भातच झालेला संसर्ग हे एक कारण. पण जन्मजात संसर्गाची खात्री पहिल्या तीन आठवड्यांतल्या नमुन्यावरूनच नीट होते. आता उशीर झाला होता.

वडिलांना पुढच्या बाळाची काळजी. बहुतेक घरांत हे पुन्हा होत नाही. एक अपवाद ‘सीओएल४ए१’ जनुकाचा: त्यातल्या दोषाने रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या राहतात आणि तो पालकात असला तर प्रत्येक गरोदरपणात तो दोष बाळात उतरण्याची ५० टक्के शक्यता. पालकाला स्वतःला काहीच त्रास नसू शकतो. म्हणून मी घराण्यात कमी वयात मेंदूत रक्तस्राव कुणाला झाला का, विचारलं. वडिलांच्या काकांना चाळिशीतच झाला होता. बाळाची जनुक तपासणी लगेच लिहून दिली.

‘आणि फिट आली तर?’ आईंनी विचारलं. या आजारात ती भीती खरी आहे. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. त्यांनी ते रिपोर्टच्या मागेच लिहून घेतलं.