उशिराचा दंड आणि पहिला खाडा

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दहा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो आणि महिनाभर एकही खाडा न करणाऱ्यास हजेरी बक्षीस मिळते. तरीही गंगापूर-पैठणकडून येणाऱ्यांचा उशीर थांबत नाही आणि महिना सरत आला की खाडे वाढतात. दंड वाढवावा की बक्षीस?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : माझ्या मते दोन्ही वाढवू नयेत. ज्याचा अर्धा दिवस दहा मिनिटांतच बुडाला, त्याने धावतपळत का यावे? तो चहा घेऊन सावकाश, दुपारीच येणार. शिवाय ही कपात कायद्यातही बसत नाही : 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने आणि पुढे 2019 च्या वेतन संहितेनेही गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच ठेवली आहे, तर दंडाला वेतनाच्या 3 टक्क्यांची मर्यादा असून कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो आकारता येत नाही.

इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक प्रयोग 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा ठिकाणी दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. बाईंना ताटकळत ठेवल्याची जी खंत होती, तिची जागा पैशाने घेतली. उशीर ही जणू विकत घेण्याची सोय झाली. आपल्या कामगारालाही आज शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याची अडचण दिसत नाही, फक्त कपात दिसते.

बक्षिसाचे दुखणे वेगळे आहे. पाच तारखेला पोराला ताप आला म्हणून एक खाडा पडला, की उरलेल्या महिन्यात त्या कामगारासाठी बक्षीस संपलेच. मग शेतात कापूस वेचायला थांबण्यात त्याचे काय नुकसान? म्हणून महिन्याची रक्कम आठवड्यांवर वाटावी, म्हणजे एक आठवडा हुकला तरी पुढचा त्याच्या हातात राहील.

व्यवस्थापनाकडे जाण्यापूर्वी महिनाभराची हजेरी गावनिहाय मांडून पाहा. उशीर करणारे बहुतेक जण एकाच एसटीने येत असतील, तर त्यांच्या शिफ्टची वेळ पंधरा मिनिटे पुढे नेणे हे कोणत्याही दंडापेक्षा स्वस्त पडेल.