आयर्लंडचे न्यायाधीश विल्यम कीओ यांना लोक गद्दार का म्हणत? ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या फेनियन क्रांतिकारकांना शिक्षा दिल्या म्हणून?

शिक्षा दिल्या हे खरं, पण शिवी त्याच्या तेरा वर्षं आधीची. मी वकील आहे, निवडणूक याचिका चालवतो, त्यामुळे या माणसाशी माझी जुनी ओळख.

कीओ जन्माने कॅथलिक, 1840 पासून वकील, 1847 पासून अ‍ॅथलोनचे खासदार. बोलणं फर्डं. 1851 साली कॅथलिक बिशपांच्या पदव्यांवर बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या आयरिश खासदारांत कीओ आणि जॉन सॅडलियर पुढे होते. विरोधक या टोळीला ‘पोपचा ब्रास बँड’ म्हणत. कुळांना हक्क देणार नाही त्या सरकारात पद घ्यायचं नाही, अशी शपथ कीओंनी जाहीर सभेत देवाला साक्षी ठेवून घेतली. आणि 1852 च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये अ‍ॅबरडीन सरकार आलं तसे हे आयर्लंडचे सॉलिसिटर जनरल! सॅडलियरलाही पद मिळालं. पुढे 1855 ला अ‍ॅटर्नी जनरल, 1856 ला थेट न्यायाधीश. त्याच वर्षी सॅडलियरची बँक बुडाली आणि त्याने विष घेतलं.

1865 च्या खटल्यात फेनियन नेता ओ’डोनोव्हन रोसाने वकील नाकारला आणि आपल्या वृत्तपत्राचे अंक कोर्टात तासन्‌तास वाचत बसला. समोर न्यायासनावर कीओ. रोसाला जन्मठेप झाली.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा 1872 चा, गॉलवेच्या पोटनिवडणुकीचा. पाद्र्यांचा पाठिंबा असलेले नोलन 2,823 मतं घेऊन निवडून आले, जमीनदारांच्या बाजूच्या ट्रेंच यांना 658. मतदान तेव्हा उघड होतं, गुप्त मतपत्रिका त्याच वर्षी जुलैत आली. म्हणजे एका बाजूला जमीनदार बघतोय, दुसऱ्या बाजूला पाद्री. याचिकेत कीओंनी धर्मगुरूंच्या दबावामुळे निवड रद्द ठरवली आणि निकालात पाद्र्यांना अशा भाषेत झोडपलं की गावोगाव त्यांचे पुतळे जाळले गेले. आयरिश खासदार आयझॅक बट यांनी संसदेत हा विषय काढला.

दबाव होता, असं मलाही वाटतं. निष्कर्ष चुकला नव्हता. पण न्यायाधीशाने आपल्या मनातली आग निकालपत्रात ओतायची नसते. शिवाय 1853 साली, पद घेतल्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुन्हा निवडून यायची पाळी आली, तेव्हा एल्फिनचे कॅथलिक बिशप ब्राऊन कीओंच्याच पाठीशी होते. तेव्हाचा तो दबाव बरा गोड लागला!

1852 साठी ‘गद्दार’ म्हणा, माझी हरकत नाही. 1872 चा निकाल मात्र त्याच खात्यावर मांडू नका. 1878 साली ते जर्मनीत बिंगेनला वारले.