नाताळ : जन्मोत्सव आणि देहधारण

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते आणि दर नाताळला आम्ही त्यांच्याकडे गोठ्याचा देखावा पाहायला जातो. आपण गोकुळाष्टमीला बाळकृष्णाचा पाळणा हलवतो, तसाच हा बाळ येशूचा जन्मोत्सव आहे, असे मी मुलांना सांगत आले आहे. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने हे बरोबर आहे का? येशू हा अवतारच ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जगाचा नियंता तान्हे बाळ होऊन आईच्या मांडीवर येतो, या विचाराने ज्याचे मन भरून येते त्याला नाताळ परका वाटण्याचे कारण नाही. आपण मुलांना जे सांगता त्यात हा जिव्हाळा आहे आणि तो जपावा. तथापि ख्रिस्ती श्रद्धा अवताराच्या कल्पनेशी पूर्णपणे जुळत नाही, आणि हा फरक लक्षात घेतल्यावाचून नाताळचा आध्यात्मिक अर्थ हाती लागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्राच्या, आरंभी गोठा, मेंढपाळ, तारा यांपैकी काहीच नाही. प्रारंभापासून देवाजवळ असलेला आणि स्वतः देव असलेला ‘शब्द’ (म्हणजे ख्रिस्त) देही झाला व त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, एवढेच तेथे म्हटले आहे. यालाच देहधारण म्हणतात. येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्यही आहे, असे 451 साली कॅल्सेडॉनच्या धर्मपरिषदेने निःसंदिग्धपणे मांडले. त्याचे मनुष्यपण हे कार्यापुरते घेतलेले रूप नव्हे. त्याला भूक लागली, तो थकला, मित्राच्या कबरीपाशी रडला, क्रुसावर मरण पावला. आणि पुनरुत्थानानंतरही त्याने तो देह टाकून दिला नाही, तर खिळ्यांच्या खुणा असलेल्या देहानेच तो शिष्यांना भेटला.

दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या विनाशासाठी युगायुगांत प्रकट होण्याचे भगवंतांचे वचन आहे. बायबलमध्ये, प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र ख्रिस्त येशू पापी लोकांना तारण्यासाठी जगात आला असे म्हटले आहे, आणि त्या पाप्यांत मी प्रमुख, अशी कबुलीही पौल लगेच देतो. म्हणून भाविक गव्हाणीसमोर उभा राहतो तो रक्षणास पात्र ठरलेला सज्जन म्हणून नव्हे, तर ज्याच्यासाठी देवाला इतके खाली यावे लागले असा अपराधी म्हणून. आणि तरीही त्याला आनंद होतो, कारण आलेला देव शिक्षा करण्यासाठी नव्हे, त्याच्यासारखाच होण्यासाठी आला आहे. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात कॅथलिक धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात आणि भाविक पापनिवेदन करतात, त्यामागे हेच कारण आहे. दुर्दैवाने खरेदी आणि केक यांच्या गडबडीत हा काळ आम्हा ख्रिस्ती लोकांच्याही हातून निसटतो.

एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. रविवारच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेत, श्रद्धांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) म्हणताना पवित्र आत्म्याच्या योगे कुमारी मरियेपासून देहधारण झाल्याचे शब्द आले की सर्वजण मस्तक लववतात. नाताळच्या मिस्सात मात्र त्याच शब्दांपाशी गुडघे टेकतात. माझ्या मते या सणाचा अर्थ याहून नेमका कोणत्याही प्रवचनात सांगितला जात नाही.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला आलो तर चालेल का, आणि तेथे मिळणारा प्रसाद घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य यावे. केवळ कम्युनियन, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, घेऊ नये. ते प्रसादासारखे सर्वांना वाटले जात नाही. ती भाकर ख्रिस्ताचे शरीर आहे, अशी कॅथलिकांची श्रद्धा असल्याने ते बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिक भाविकांसाठी असते. त्या वेळी आपल्या जागी शांतपणे बसून राहिल्यास कोणालाही वावगे वाटत नाही. नाताळला गर्दी फार असते, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचावे आणि मिस्सा सुरू होण्यापूर्वीची भक्तिगीते चुकवू नयेत.