खोल सरोवर, लहान होडी आणि ट्राउट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वसंतात आमच्या सरोवरात ट्राउट मासा पृष्ठभागाजवळच लागत होता. आता उन्हाळ्यात सकाळभर ट्रोलिंग करूनही, म्हणजे होडीमागे आमिष ओढत नेऊनही, गळाला काही लागत नाही. आमिषं बदलून थकलो. काय चुकतंय?

उत्तर: आमिष बहुधा ठीकच आहे, ते भलत्याच थरातून फिरतंय. वसंतात पाणी वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखंच गार असतं, म्हणून ट्राउट पृष्ठभागाजवळही वावरतो. ऊन तापलं की वरचं पाणी हलकं होऊन खालच्या गार पाण्यावर बसतं. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तापमान झपाट्यानं उतरतं, दर मीटरला एक अंश किंवा त्याहून जास्त. रेनबो ट्राउटला साधारण 12 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, लेक ट्राउटला त्याहून गार, 10 अंशांच्या आसपासचं. तेव्हा आधी तापमान शोधा, मासा नंतर.

तापमापक जाड कापडाच्या तीन-चार घड्यांत गुंडाळा, वजन बांधा आणि दर दोन मीटरला गाठ मारलेल्या दोरीनं खाली सोडा. पाच मिनिटं थांबा, भराभर वर ओढा आणि लगेच आकडा वाचा. कापडामुळे वर येईपर्यंत पारा फारसा हलत नाही. फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असेल तर त्याची संवेदनशीलता वाढवून पाहा, हा पट्टा पडद्यावर धूसर रेघेसारखा उमटतो.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन दिवस एकाच दिशेनं जोराचा वारा वाहिला, की कोमट पाणी वारा जाऊन आपटतो त्या काठाशी साचतं आणि तिथे गार थर खाली दबतो; समोरच्या काठाशी तोच थर वर येतो. परवा 12 मीटरवर सापडलेला मासा आज तिथेच असेल असं धरून चालू नका. वाऱ्यानंतर पुन्हा मोजा.

प्रश्न: फिशफाइंडरवर 20 मीटरवर मासे दिसतात. डाउनरिगरच्या (तारेला वजन बांधून आमिष खोल नेणाऱ्या चरखीच्या) काउंटरवरही 20 मीटर लावतो, तरी एकही झटका नाही.

उत्तर: काउंटर किती तार सुटली ते सांगतो, वजन किती खोल आहे ते नाही. होडी पुढे जाते तशी तार मागे कलते. 20 मीटर तार उभ्या रेषेपासून 30 अंश कलली, तर वजन साधारण 17 मीटरवरच असतं. होडीच्या कडेला वाकून तार पाण्यात कुठे शिरते ते पाहा. कल डोळ्यांना सहज दिसतो. वेग कमी करा, किंवा तीन किलोचं वजन वापरत असाल तर साडेचार किलोचं लावा. त्याहून जड वजन लहान होडीला आम्ही सुचवणार नाही.

आमिष माशांच्या बरोबर उंचीवर नको, एक-दोन मीटर वर ठेवा. ट्राउट खालून वर झेपावतो. आपल्या खालून गेलेल्या आमिषाकडे तो सहसा वळत नाही. आणि गळाची लाइन डाउनरिगरच्या तारेशी पकडून ठेवणारा चिमटा फार घट्ट लावू नका. लहान मासा लागून लाइन चिमट्यातून सुटलीच नाही, तर तो तसाच अर्धा तास फरपटत राहतो आणि वर काही कळत नाही.

प्रश्न: डाउनरिगर नाही. शिशाच्या गाभ्याची लाइन पुरेल का?

उत्तर: 15 मीटरपर्यंत पुरते. तिचा रंग दर 10 यार्डांना, म्हणजे सुमारे 9 मीटरला बदलतो. ताशी तीन किलोमीटरच्या आसपास एक रंग साधारण दीड मीटर खाली उतरतो; पाच रंग सोडले की सात-साडेसात मीटर. पुढे 8 ते 10 मीटर फ्लोरोकार्बनची पारदर्शक लाइन जोडा.

प्रश्न: वेग नेमका किती ठेवायचा?

उत्तर: ताशी अडीच ते चार किलोमीटर. पण जीपीएस होडीचा वेग दाखवतो, आणि खाली प्रवाह असेल तर आमिषाचा वेग निराळाच असतो. म्हणून आमिष खोल सोडण्याआधी होडीच्या कडेला हातभर पाण्यात धरून पाहा. चमच्यानं (चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषानं) डावी-उजवीकडे डुलायला हवं. गरागरा फिरला तर वेग जास्त आहे, नुसता लोंबला तर कमी. लाइनला पीळ पडतो तोही बहुधा याच फिरण्यामुळे. बॉल बेअरिंगचं स्विव्हल (लाइनला पीळ न देता फिरणारी कडी) लावा, पण वेग सुधारल्याशिवाय पीळ पूर्ण जाणार नाही.

सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेऊन वर येतं, आतलं मंदावून खाली उतरतं. बाहेरच्या रॉडला मासा लागला तर वेग थोडा वाढवून पाहा, आतल्याला लागला तर कमी करा. दोन-तीनदा तेच घडलं तर तो निव्वळ योगायोग नव्हे. इंजिन सर्वांत कमी वेगावरही होडी जोरात जात असेल, तर बळकट बादली पुढच्या बाजूच्या कडीला बांधून पाण्यात ओढत न्या. दोरी इतकी आखूड ठेवा की ती इंजिनाच्या पंख्यापर्यंत पोचूच शकणार नाही.

प्रश्न: डाउनरिगरचं वजन तळाशी अडकलं आणि होडी एका बाजूला कलली. अशा वेळी काय करावं?

उत्तर: यात जीव जाऊ शकतो, म्हणून क्रम पाठ करून ठेवा. आधी इंजिन न्यूट्रलला टाका. मग तार गुंडाळलेल्या ड्रमचा क्लच (पकड) ढिला करून तार सोडा. रॉड गुंडाळून घ्या. त्यानंतर वळसा घालून, होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवून, अडकलेल्या जागेच्या पलीकडे जा आणि उलट दिशेनं हलकेच ओढा. मागे रिव्हर्स घेत जाऊ नका. लाटा मागच्या बुटक्या कडेवरून आत येतात आणि तार पंख्यात गुंतते. नाही सुटलं तर तार कापा. कटर हाताशी, दोरीनं बांधलेला हवा, खोक्याच्या तळाशी नको. क्लच मुळातच इतका घट्ट ठेवा की वजन तोलेल, पण हातानं जोरात ओढल्यावर तार सरकेल.

लाइफ जॅकेट अंगावरच हवं. वरचं पाणी अजून थंड असेल त्या दिवसांत पहिल्याच मिनिटात धाप लागून पोहणाऱ्याचाही दम तुटतो, मग पाण्यात पडल्यावर ते चढवणं जमत नाही.

प्रश्न: सोडून दिलेला ट्राउट उलटा होऊन तरंगतो. का?

उत्तर: पृष्ठभागाचं पाणी 20 अंशांच्या वर असेल तर गार थरातून वर आलेला, झुंजून थकलेला मासा तिथे तग धरत नाही. झुंज लांबवू नका, गळ पाण्यातच काढा, आणि त्याचं तोंड खाली करून त्याला सरळ गार पाण्याकडे सोडा. वरचं पाणी इतकं कोमट असेल, तर खायला हवे तेवढेच मासे धरून ट्रोलिंग थांबवा.